एसजीपीटी नॉर्मल, म्हणून लिव्हर ठणठणीत?

औंध असो, आटपाडी असो की सातारा शहर, लॅबचा कागद हातात आला की घरचे आधी एकच आकडा शोधतात. एसजीपीटी 40 च्या आत दिसला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. ‘लिव्हर एकदम क्लीन आहे!’ पेशंटचे पाय सुजलेले असतात, पोट फुगलेले असते, पण कागदावर नॉर्मल लिहिलेय ना, मग विषय संपला.

विषय संपत नाही. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीतले एन्झाइम आहे. पेशीला इजा झाली की ते रक्तात झिरपते. म्हणजे हा आकडा आज किती पेशी दुखावताहेत एवढेच सांगतो. आजवर किती यकृत व्रणांनी भरले, हे त्याला ठाऊक नसते. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होते तेव्हा, धडधाकट पेशीच कमी उरतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून सिरॉसिस असूनही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतो. हे वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे, तरी दर वेळी नव्याने समजावावे लागते.

समजा, 58 वर्षांच्या माणसाचा एसजीपीटी 32, एसजीओटी 48, प्लेटलेट 92 हजार आणि अल्ब्युमिन 2.8 आहे. घरचे 32 पाहून खूश. डॉक्टरांची नजर मात्र प्लेटलेटवर थांबते. यकृत कडक झाले की त्यातून रक्त नीट वाहत नाही, मागे दाब वाढतो, पांथरी फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. अल्ब्युमिन यकृतच बनवते, ते उतरले म्हणजे कारखाना मंदावला. वय आणि पहिले तीन आकडे ‘फिब-4’ या सूत्रात घातले की उत्तर 5.3 च्या पुढे जाते. 2.67 च्या वर गेले की व्रण बरेच वाढल्याची शंका घेतात. तोच कागद, तेच रक्त. फक्त पाहणारा वेगळा.

शिवाय डॉक्टर माणूसही पाहतात, हे हल्ली विसरायला होते. तळवे लाल आहेत का, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेषा आहेत का, हात पुढे धरून पंजे मागे वळवले की ते फडफडतात का. पुढची पायरी सोनोग्राफीची: यकृताचा पृष्ठभाग खडबडीत आहे का, पांथरी वाढली आहे का, पोटात पाणी आहे का. सुरुवातीचा सिरॉसिस सोनोग्राफीतूनही निसटतो. मग फायब्रोस्कॅन. तीन तास उपाशीपोटी उजव्या बरगड्यांच्या मधल्या जागेत प्रोबचे हलके ठोके देतात आणि कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. बावेनो इथल्या तज्ज्ञ परिषदेने 2015 मध्ये ढोबळ निकष घालून दिला: 10 च्या खाली, आणि इतर खुणा नसतील, तर गंभीर आजार जवळपास नाही, 15 च्या वर दाट शक्यता.

‘तुकडा काढल्याशिवाय कळत नाही’ हेही खरे नाही. बायोप्सीत यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग हाती येतो. कारण कळत नसेल किंवा तपासण्या एकमेकींशी जुळत नसतील तेव्हाच तिची गरज पडते. ‘फॅटी लिव्हर ग्रेड टू’ म्हणजे सिरॉसिसची दुसरी पायरी नव्हे. तो चरबीचा अंदाज आहे. ‘कावीळ नाही, म्हणजे काही नाही’ हेही चूक, कारण कावीळ बहुधा उशिरा दिसते.

‘सिरॉसिस दारू पिणाऱ्यालाच होतो’ म्हणणाऱ्यांनी अमिताभ बच्चन यांची हकीकत आठवावी. 1982 च्या ‘कुली’ अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून आपल्याला हेपटायटीस बी झाला आणि यकृताचा 75 टक्के भाग निकामी झाला, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. कळले तेही बऱ्याच वर्षांनी, नेहमीच्या तपासणीत. मधुमेह आणि लठ्ठपणाही याच वाटेने नेतात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानात रुजवलेल्या सूर्यनमस्कारांनी वजन आटोक्यात राहते, यकृतावरची चरबीही उतरते; हेपटायटीसचा विषाणू मात्र नमस्कारांना दाद देत नाही.

मधुमेह असेल, पूर्वी रक्त चढवले असेल किंवा घरात कुणाला हेपटायटीस बी असेल, तर एकट्या एसजीपीटीवर थांबू नका. प्लेटलेट, अल्ब्युमिन आणि हेपटायटीस बी-सी या तपासण्यांविषयी डॉक्टरांना विचारा. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हेपटायटीसची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. जाताना जुने रिपोर्टही फाइलमध्ये घालून न्या.