विंचवाचे विष आणि कुलपाची किल्ली

रत्नागिरीकडच्या माणसाला विंचवाची ओळख करून द्यायला नको. जांभ्याच्या गडग्यातल्या फटी, सरपणाचा ढीग, भाताचा पेंढा ही त्याची हक्काची बिऱ्हाडे. त्यांतला तांबडा विंचू आकाराने लहान, पण नांगीने जहाल.

त्याने नांगी मारली, की पूर्वी आधी मांत्रिकाकडे धाव. रोगी नुसताच कळांनी तळमळत असला, तर तो बहुधा आपोआपच बरा होई आणि श्रेय मंत्राला मिळे. पण ज्याला दरदरून घाम सुटे, उलट्या होत, हातपाय गार पडत, त्याच्यापुढे मंत्रही थके आणि डॉक्टरही. फुप्फुसांत पाणी भरे. असे गंभीर रोगी १०० तले २५-३० दगावत. त्यांत लहान मुले फार.

वाचकहो, हे विष शरीरात करते तरी काय? ते मज्जातंतूंच्या टोकांना डिवचते. त्यासरशी ॲड्रेनॅलिन व त्याचे भाऊबंद रक्तात लोटतात. रक्तवाहिन्यांच्या पेशींवर प्रथिनांची बारीक बारीक कुलपे असतात; शास्त्रज्ञ त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. ॲड्रेनॅलिन ही त्यांची किल्ली. किल्ली फिरली की पेशीला आत निरोप जातो, ‘आवळ!’ एकाच वेळी असंख्य किल्ल्या फिरल्या, की वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाचा दम तुटतो.

रत्नागिरीला लागूनच असलेल्या महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर रोग्यांच्या उशाशी रात्री जागून हे सारे टिपत होते. रक्तदाबासाठी निघालेले ‘प्राझोसिन’ हे औषध ‘अल्फा’ जातीच्या कुलपात अडकून बसते. मग खरी किल्ली आत शिरतच नाही. त्यांनी ते विंचूदंशावर वापरले आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले.

गंमत अशी, की त्या काळी हे कुलूप कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते! मूळ ऊतीत ही प्रथिने इतकी थोडी असतात, की अभ्यासाला पुरत नाहीत. त्याच १९८६ साली अमेरिकेत लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांच्या चमूने भावकीतल्या ‘बीटा’ ग्राहीचे जनुक हाती आणले. मग असे मानवी जनुक परक्या पेशीत रोवून तिच्याकडून हवे तेवढे मानवी प्रथिन घडवून घेता येऊ लागले. कलम बांधून दुसऱ्याच्या बुंध्यावर आपला हापूस धरावा, तसे! कीटकांच्या पेशींत घडवलेल्या मानवी बीटा ग्राहीची आकृती २००७ साली उलगडली. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले. आता नवे औषध कोणत्या कुलपात बसते, हे रोग्याला देण्याआधीच प्रयोगशाळेत पडताळता येते.

मात्र कुलूप अडवले तरी विष रक्तात उरतेच. म्हणून डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रोग्यांवर तुलना करून पाहिली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनने १० तासांत शेकडा २३ बरे झाले. जोडीला हाफकिनची विंचूविषावरची प्रतिलस दिली, तेव्हा शेकडा ९१.

तात्पर्य सोपे आहे. घाम आणि उलटी दिसली, की उतारा शोधत बसू नये. रोग्याला तडक दवाखान्यात न्यावे. औषध डॉक्टरांनीच द्यायचे, कारण त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो. किल्ली फिरण्याआधी कुलूप अडवले पाहिजे. आणि तेथे घटकेघटकेला मोल आहे.