गाडी तीच, पण साल कुठलं?

'ताई, कुठल्या सालची करायची?'

गॅरेजवाल्या मामांनी फडक्याला हात पुसत विचारलं आणि मी जाम गोंधळले. समोर आमची फियाट उभी. आरसी बुकानुसार प्रीमिअर पद्मिनी, १९७५. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतली तेव्हा ती क्रीम रंगाची होती. १९९८ मध्ये बाबांनी ती मरून केली आणि डॅशबोर्ड कापून कॅसेट प्लेअर बसवला. माझ्या आठवणीत ती पहिल्यापासून मरूनच. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून गाडी पार्किंगमध्ये पडून होती. मग सोसायटीची नोटीस आली, गाडी हलवा! एकतर भंगारात द्यायची, नाहीतर मी नव्या बाइकसाठी साठवलेले पैसे हिच्यात घालायचे.

मी दुसरा पर्याय निवडला. 'जुनी गाडी नवी करायची', एवढा आपला फंडा क्लिअर होता. पण नवी म्हणजे आजोबांची की बाबांची?

उत्तर शोधत वाचत सुटले आणि पोचले थेट इटलीत. तसं आमच्या फियाटचं माहेरही तिकडचंच. फियाट ११०० हाच कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डिलाइट आणि पुढे पद्मिनी झाला. पण मला भेटली ती तिची फारच श्रीमंत मावसबहीण, लॅम्बोर्गिनी मिउरा.

ऑफिस सुटल्यानंतरचा प्रोजेक्ट

मिउराची जन्मकथा तुम्हा-आम्हाला आवडेल अशीच आहे. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टरवाले. त्यांना हव्या होत्या आरामशीर, झकास प्रवासी गाड्या. पण त्यांच्याकडच्या जाम्पाओलो दाल्लारा, पाओलो स्तांझानी आणि बॉब वॉलेस या तिघा पोरांना रेसिंगचं वेड. त्यांनी ऑफिस सुटल्यावर बसून वेगळंच काहीतरी आखलं. बारा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, तेही आडवं! १९६५ च्या ट्युरिन मोटर शोमध्ये नुसता सांगाडा ठेवला होता. बर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनीने त्यावर अंग चढवलं आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात जग वेडं झालं. तेव्हा यातला एकही जण तिशीचा नव्हता. (आपण तिशीच्या आत काय करतो? ईएमआय भरतो!)

१९७३ पर्यंत अशा साडेसातशेच्या आसपास गाड्या बनल्या. त्यातल्याच एकीने माझा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता.

एकोणीस महिने

चासी नंबर ३७८१. १९६८ मध्ये ही हिरवी मिउरा एस ट्युरिनच्या शोमध्ये झळकली. मग इटलीतच आठ वेळा हात बदलत १९७४ मध्ये एका जर्मन शौकिनाकडे गेली. त्याला हवी होती रेसिंगची गाडी. लॅम्बोर्गिनीने 'योटा' नावाची एकुलती एक रेसिंग मिउरा बनवली होती, पण ती अपघातात जळून गेली. या पठ्ठ्याने आपली मिउरा कारखान्यात नेऊन तशीच करायला सांगितली. अठरा महिन्यांनी बाहेर आली ती फुगलेल्या मडगार्डची, टपावर पंख लावलेली मिउरा एसव्हीआर. १९७६ मध्ये ती जपानला गेली, 'सर्किट वुल्फ' या तुफान लोकप्रिय कॉमिकची प्रेरणा ठरली आणि तिथल्या पोरांच्या गळ्यातला ताईत झाली.

चाळीस वर्षांनी ती सांतागाता गावच्या कारखान्यात परत आली, सुट्या भागांच्या रूपात. जुन्या गाड्यांसाठी लॅम्बोर्गिनीने २०१५ मध्ये पोलो स्तोरिको नावाचा विभाग सुरू केला होता, हे काम त्यांच्याकडे आलं. सगळे पार्ट्स होते, पण अडचण वेगळीच होती. अशा वेळी कारखान्याच्या वहीतली जन्मनोंद बघून गाडी तशीच्या तशी करतात. इथे वही १९६८ ची आणि गाडी १९७४ ची!

त्यांनी १९७४ निवडलं. मला हे आधी चुकीचं वाटलं. ओरिजिनल म्हणजे पहिलं ना? पण विचार करा, १९६८ ला परत नेली असती तर मिळाली असती आणखी एक मिउरा एस. तशा तीनशेहून जास्त बनल्या होत्या. एसव्हीआर मात्र एकच, आणि तीच कायमची पुसली गेली असती. १९ महिने खपून २०१८ मध्ये त्यांनी ती पूर्ण केली. मालकाच्या सांगण्यावरून नवे पट्टे, अंगाला धरून ठेवणाऱ्या सीट्स आणि काढता येणारा रोल बारही बसवला. थोडक्यात, २०१८ चीही थोडी जागा ठेवली.

धूळसुद्धा ओरिजिनल

याच्या अगदी उलट टोक म्हणजे १९६९ ची एक फेरारी डेटोना. ॲल्युमिनियमच्या बॉडीची, जपानमधल्या एका शेडमध्ये सुमारे चाळीस वर्षं पडून राहिलेली. २०१७ मध्ये मारानेल्लोला तिचा लिलाव झाला, तोही अंगावरच्या धुळीसकट! किंमत आली १८ लाख युरो. एकदा पुसलेली धूळ परत आणता येत नाही, हे घेणाऱ्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडेही पन्नास वर्षं जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले. त्यांचा भर चासी, बॉडी आणि इंजिन मूळ असण्यावर आहे. म्हणून जुनी गाडी गॅरेजला द्यायच्या आधी तीन गोष्टी नक्की करा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून बघा. पार्ट्स सोडवण्याआधी भरपूर फोटो काढा. आणि काढलेला जुना पार्ट बदलला तरी टाकून देऊ नका.

मरून

परवा मामांकडे गेले. रंग खरवडायला सुरुवात झाली नव्हती. दार उघडलं तर बिजागरीच्या आत, जिथे १९९८ च्या पेंटरचा हात पोचला नव्हता, तिथे बोटभर क्रीम रंग शिल्लक होता. आजोबा तिथे होते. बाकी सगळे बाबा.

'मामा, अठ्ठ्याण्णव सालची करा,' मी म्हटलं. 'सडलेला पत्रा बदला, इंजिन आहे तेच ठेवा. रंग मरून. कॅसेट प्लेअर वाजत नसला तरी राहू दे.'

'आणि हे आतलं?' त्यांनी बिजागरीकडे बोट दाखवलं.

'त्याला हात लावू नका.'

मामांनी खडूने तिथे फुली मारली आणि ॲडव्हान्स मागितला. बाइकचे पैसे गेले. आईला फोन केला तर म्हणाली, 'डिकीत त्यांच्या कॅसेट असतील बघ.'

होत्या. अकरा.