मेणचित्रातील पोत आणि घरातील गोणपाट

मधमाश्यांचे मेण, थोडी राळ आणि रंगद्रव्य एकत्र वितळवून रंगवण्याच्या पद्धतीला ‘एन्कॉस्टिक’ म्हणतात. इजिप्तमधील फय्युम येथे सापडलेली, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीची अनेक व्यक्तिचित्रे याच पद्धतीची आहेत. भारतात बडोद्यात शिकलेले चित्रकार शांती दवे यांनी हे माध्यम हाताळले.

पोतासाठी महागडी साधने लागत नाहीत. गोणपाट, जुनी लेस, कंगवा किंवा चहाची गाळणीही पुरते. कसोटी असते ती वेळेची. मेण फार गरम असताना गोणपाट दाबल्यास ते रुतून बसते. मेण पूर्ण निवाल्यास ठसा उमटतच नाही. कोमट मेणावर मात्र विणीचा धागा न् धागा उठतो. पुढे प्रत्येक नवा थर खालच्या थराशी एकजीव करण्यासाठी पुन्हा ऊब द्यावी लागते आणि ती किंचित अधिक झाली, तर मिळवलेला पोत क्षणात वितळून जातो. म्हणून ठसा बहुधा शेवटच्या थरावर घेतात. खाचांत गडद तैलरंग भरून वरचा पुसला, की नक्षी उठून दिसते.

अमेरिकी चित्रकार जास्पर जॉन्स यांनी १९५४-५५ मधील ‘फ्लॅग’ या चित्रात तर वर्तमानपत्राचे तुकडेच मेणात बसवले.

मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. धूर येईपर्यंत ते तापवू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.