शत्रूशी व्यापार, सरकारी परवान्याने

नाकाबंदी असली तरी पास दाखवणारी गाडी पुढे सोडली जाते. युद्धात समुद्रावरही नेमके हेच घडते. नेपोलियनने 1806 मध्ये बर्लिनहून फर्मान काढून युरोपची बंदरे ब्रिटिश मालाला बंद केली. ब्रिटननेही फ्रान्सची कोंडी केली. तरीही 1810 या एका वर्षात ब्रिटनने 18,000 च्या आसपास व्यापारी परवाने दिले. हा कागद म्हणजे न पकडण्याची हमी. पकडलेल्या गलबताच्या किमतीत आरमाराच्या कप्तानाला वाटा मिळे, म्हणून अशी लेखी हमी नसती तर त्याने सावज सोडलेच नसते. गलबतावर झेंडा बहुधा तटस्थ देशाचा असे आणि जोडीला बनावट कागदपत्रेही, कारण पलीकडच्या बंदरात हाच परवाना गळ्याशी येई.

शत्रूला धान्य पुरवणे हा मूर्खपणा नव्हे का? ब्रिटनमध्ये 1809 चे पीक बुडाले, तेव्हा नेपोलियनने फ्रान्समधून धान्य जाऊ दिले. त्याच्या हिशेबाने धान्याच्या बदल्यात ब्रिटनचे सोने बाहेर पडणार होते, शिवाय पडलेल्या भावाने नाराज असलेला फ्रेंच शेतकरी शांत होणार होता. नुसत्या उपासमारीने ब्रिटन शरण आला असता, हे मला पटत नाही; समुद्र त्याच्या ताब्यात होता, धान्य दुसरीकडूनही आले असते. नेपोलियनची खरी चूक वेगळीच: स्वतः परवाने विकत तो मित्रदेशांना मात्र बंदरे बंद ठेवायला सांगत राहिला. 1810 च्या अखेरीस रशियाच्या झारने तटस्थ जहाजांना सवलत दिली आणि फ्रेंच चैनीच्या मालावर जबर जकात बसवली.