दुकान तुमचे, हिशेब त्यांचा

जपानमधल्या कोन्बिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, ओनिगिरी हमखास खपते. समुद्री शेवाळात गुंडाळलेला हा भाताचा गोळा. समजा, दुकानदाराने 70 येनला एक या दराने दहा ओनिगिरी घेतल्या आणि 100 येनला विकायला ठेवल्या. आठ खपल्या, दोन मुदत संपल्यामुळे फेकाव्या लागल्या. गल्ल्यात 800 येन आले, खरेदीत 700 गेले. नफा 100 येन, असे कोणताही किराणा दुकानदार सांगेल.

मोठ्या कंपनीचे नाव घेऊन दुकान चालवण्याचा, म्हणजे फ्रँचायझीचा, करार तसे सांगत नाही. त्यात फक्त खपलेल्या आठ ओनिगिरींची खरेदी वजा होते. 800 मधून 560 गेले, ढोबळ नफा 240. कंपनीचा वाटा 60 टक्के धरला तर 144 येन तिकडे जातात आणि मालकाकडे 96 उरतात. फेकलेल्या दोन ओनिगिरींचे 140 येन मात्र मालकाच्याच अंगावर पडतात. कंपनीला 144 येन मिळाले, मालकाला 44 येनची खोट आली.

आता त्याच दोन ओनिगिरी मालकाने मुदत संपण्याआधी 50 येनला काढून टाकल्या असे धरू. विक्री 900, खरेदी 700, ढोबळ नफा 200. कंपनीला 120 येन, मालकाला 80. माल स्वस्तात काढण्यात मालकाचे हित आहे. कंपनीचे उत्पन्न मात्र माल फेकला गेला तरच जास्त. आकडे समजावण्यापुरते घेतलेले असले, तरी हिशेबाची ही रीत खरी आहे. कोन्बिनीची फ्रँचायझी घेणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट हीच.

या व्यवस्थेची सुरुवात अगदी वेगळ्या वातावरणात झाली. सेव्हन-इलेव्हन ही कोन्बिनींची साखळी मूळची अमेरिकेतली. 1927 मध्ये टेक्सासमधल्या डॅलसला बर्फ विकणाऱ्या एका कंपनीच्या दुकानात दूध, पाव, अंडी ठेवायला सुरुवात झाली, आणि 1946 मध्ये सकाळी सात ते रात्री अकरा या वेळेवरून साखळीला नाव मिळाले. जपानमध्ये ती आणली इतो-योकादो या किराणा व कपड्यांच्या मोठ्या कंपनीतल्या तोशिफुमी सुझुकी यांनी. पहिले दुकान मे 1974 मध्ये टोकियोच्या तोयोसु भागात उघडले. मुळात ते एका कुटुंबाचे दारूविक्रीचे दुकान होते. वडिलांनंतर ते सांभाळणाऱ्या तरुण मालकाने वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून कंपनीला पत्र लिहिले होते.

त्या काळात हा सौदा दोघांच्याही फायद्याचा होता. मोठ्या दुकानांच्या वाढीला आळा घालणारा कायदा जपानने 1973 मध्येच केला होता, त्यामुळे मोठ्या कंपनीला छोट्या दुकानांतून वाढण्याची वाट हवी होती. छोट्या दुकानदाराकडे मोक्याची जागा होती, दारूविक्रीचा परवाना होता, घरातली माणसे होती. नव्हते ते नाव आणि मालाचा नेमका पुरवठा. 1975 मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामा शहरात या साखळीचे पहिले चोवीस तास चालणारे दुकान सुरू झाले. आज जपानमध्ये 50 हजारांहून अधिक कोन्बिनी आहेत, त्यांतल्या 20 हजारांहून अधिक एकट्या सेव्हन-इलेव्हनच्या. 1991 मध्ये तर जपानी कंपनीने दिवाळखोरीत गेलेल्या अमेरिकी मूळ कंपनीचाच ताबा घेतला.

असे दुकान घेण्याची किंमत वरवर पाहता फार नाही. जागा आणि इमारत कंपनीने दिली तर सेव्हन-इलेव्हनला सुरुवातीला सुमारे 25 लाख येन भरावे लागतात. प्रशिक्षण, तयारी आणि मालाचा काही भाग त्यातच येतो. उरलेल्या मालाचे पैसे कंपनी आधी घालते आणि ते मालकाच्या खात्यावर कर्जासारखे चढतात. रोजची विक्री कंपनीकडे जमा होते. हिशेब तीच ठेवते आणि वाटा कापून मालकाची रक्कम देते. जागा मालकाची असेल तर कंपनीचा वाटा कमी, कंपनीची असेल तर निम्म्याहून बराच अधिक. शिवाय कंपनीच्या जागेत ढोबळ नफा वाढेल तसा टक्काही चढतो. करार 15 वर्षांचा, आणि दुकानात पूर्णवेळ राबायला दोन माणसे हवीत. बहुतेक ठिकाणी ती नवरा-बायको असतात.

किमान उत्पन्नाची हमीही मिळते, पण ती पगार देण्याआधीच्या उत्पन्नाची असते. कामगारांचे पगार मालकाने द्यायचे. मालाची नासाडी वर पाहिली तशीच. म्हणजे ज्या दोन खर्चांवर दुकानाचे मरण-जगणे ठरते, ते दोन्ही वाटणी झाल्यानंतरचे.

मालक यावर गप्प बसले नाहीत. वाट्याच्या हिशेबाचा वाद जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2007 मध्ये न्यायालयाने कराराचा कंपनीने लावलेला अर्थ मान्य केला. मात्र ही कलमे स्पष्ट नाहीत, ती समजतील अशी लिहायला हवीत, असे निकालाला जोडलेल्या पूरक मतात न्यायमूर्तींनी नोंदवले. 2009 मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने सेव्हन-इलेव्हन जपानला आदेश दिला: मुदत संपत आलेला माल स्वस्तात विकण्यापासून मालकांना रोखू नका. त्यानंतर कंपनीने फेकलेल्या मालाच्या खर्चाचा 15 टक्के भार उचलायचे ठरवले. वरच्या उदाहरणात त्याने मालकाची खोट 44 येनवरून 23 येनवर येते. खोट कमी झाली, पण संपली नाही.

मग आला रात्रीचा प्रश्न. हिगाशिओसाका शहरातल्या एका मालकाची पत्नी 2018 मध्ये वारली. हाताखाली माणसे मिळेनात, म्हणून फेब्रुवारी 2019 पासून त्याने पहाटेचे काही तास दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. कंपनीने करार रद्द करण्याचा आणि सुमारे 1 कोटी 70 लाख येनच्या दंडाचा इशारा दिला. प्रकरण देशभर गाजले. दंडाची भाषा मागे पडली, पण ग्राहकांच्या तक्रारींचे कारण देऊन त्या वर्षाअखेर करार संपवण्यात आला, आणि 2022 मध्ये ओसाका जिल्हा न्यायालयाचा निकालही कंपनीच्या बाजूने लागला.

स्पर्धा आयोगाने 2020 मध्ये सुमारे 12 हजार कोन्बिनी मालकांची उत्तरे गोळा करून अहवाल काढला. मालकांना वर्षभरात मिळणाऱ्या सुट्ट्या सरासरी 21 दिवसांच्या आसपास होत्या. वेळ कमी करण्याबाबत बोलायलाच नकार देणे हा वरचढ स्थितीचा गैरवापर ठरू शकतो, असेही आयोगाने बजावले. याच सुमारास कमी वेळ चालणाऱ्या दुकानांना साखळ्या अधिक मोकळीक देऊ लागल्या.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. रिलायन्स रिटेलने ऑक्टोबर 2021 मध्ये भारतातले पहिले सेव्हन-इलेव्हन मुंबईत, अंधेरीला उघडले. त्याआधीच महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बहुतेक दुकानांना चोवीस तास उघडे राहायला मुभा दिली होती. निवृत्तीचा पैसा, वडिलोपार्जित गाळा किंवा सोने गहाण ठेवून उभी केलेली रक्कम घेऊन फ्रँचायझीच्या दारात उभे राहणारे लोक गावोगावी भेटतात. भारतात मात्र फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. भांडण झाले की मुख्य आधार 1872 च्या करार कायद्याचा.

म्हणून सही करण्याआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात. वाटा विक्रीवर आहे की ढोबळ नफ्यावर? ढोबळ नफा काढताना नासलेला माल वजा होतो का? भाव उतरवण्याचा अधिकार कोणाचा? शेजारच्या चौकात त्याच नावाचे दुसरे दुकान उघडणार नाही, याची हमी आहे का? मुदतीआधी बाहेर पडायचे तर किती पैसे भरावे लागतील, आणि गाळा स्वतःचा असेल तर त्यात पुढे कोणता धंदा करता येईल?

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीला सहीच्या किमान 14 दिवस आधी सविस्तर माहितीपत्रक द्यावेच लागते, आणि त्यात गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मालकांची नावे व संपर्कही असतात. इथे ती यादी कोणी आपणहून देणार नाही. ती मागावी, आणि मिळाली नाही तर त्या साखळीची बंद पडलेली दोन-तीन दुकाने शोधून त्यांच्या मालकांना त्यांच्या अखेरच्या वर्षाचा हिशेब विचारावा.