मणक्यावरचा पांढरा डाग

जालन्याच्या एमआयडीसीत सळ्यांचे भारे उचलणारा कामगार असो की मंठा-परतूरकडून ऊसतोडीला जाणारी जोडी, कंबर धरली की कधी ना कधी एक्स-रे निघतोच. रिपोर्टात ‘स्क्लेरोसिस’, म्हणजे हाडावर पांढरा दाटपणा, लिहून आलं की घरी दोनच अर्थ निघतात. कुणी म्हणतं हाड पक्कं झालंय, कुणी म्हणतं गाठ आहे. दोन्ही अर्थ घाईचे आहेत. पांढरं दिसलं म्हणजे तिथे कॅल्शियम जास्त आहे, किरण पार गेले नाहीत, एवढंच खरं. ते का साठलं, हे डागाची जागा, कडा, संख्या आणि माणसाचं वय एकत्र पाहूनच ठरतं.

फिल्म उजेडावर धरून कमरेचा चौथा-पाचवा मणका पाहावा. मधली गादी झिजून अंतर कमी झालेलं असतं, समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठांवर पांढरा पट्टा दिसतो, बाजूला हाडाला चोच फुटलेली असते. ओझं वाहून तळहाताला घट्टे पडतात, तसंच हे. सर्वांत जास्त आढळतं तेही हेच. मणक्याच्या आत एकच ठिपका असेल आणि त्याच्या कडेचे बारीक काटे भोवतालच्या हाडाच्या जाळीत मिसळत असतील, तर तो बहुधा निरुपद्रवी ‘बोन आयलंड’. पण गादी शाबूत असताना लहानमोठे अनेक डाग दिसले किंवा अख्खा मणका हस्तिदंतासारखा पांढरा झाला, तर उतारवयातल्या पुरुषात प्रोस्टेटच्या कर्करोगाचा विचार आधी करावा लागतो. ओटीपोटातल्या शिरा मणक्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांना जोडलेल्या असतात, हे बॅटसन यांनी 1940 मध्ये दाखवलं. कर्करोगाच्या पेशी त्या वाटेनेही मणक्यात पोचतात. आणि सगळाच कणा पांढरा, स्नायुबंधांतही चुना साठलेला, असं असेल तर पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासावं. फ्लोराइडचा हा आजार भारतात 1937 मध्ये नेल्लोर भागातून नोंदवला गेला. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांना तो परिचित आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत.

पांढरं म्हणजे मजबूत, हा समज जास्त नुकसान करतो. फ्लोराइडने दाट झालेलं हाड ठिसूळही असतं. झिजेचा पांढरेपणा हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेचा आकडा फुगवतो आणि म्हाताऱ्या बाईची हाडं पोकळ झालेली असूनही अहवाल चांगला येतो. तिथे खुब्याचा आकडा पाहावा. मग प्रत्येकाचा एमआरआय का काढू नये, असं कुणी विचारेल. कारण झिजेचे बदल कंबर न दुखणाऱ्यांतही सर्रास सापडतात, आणि त्या खर्चाने उपचार बदलतोच असं नाही. मात्र रात्री झोप मोडणारं दुखणं, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, यांपैकी काही असेल तर थांबू नये. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.

जुनी फिल्म रद्दीत टाकू नका. वर्षानुवर्षं तेवढाच राहिलेला ठिपका आणि नव्याने उमटलेला ठिपका यांतला फरक डॉक्टरांना तीच दाखवते.