पेन्शनीनंतरचें खातें

नोकरींतून निवृत्त झालेल्या गृहस्थास पहिला मोह होतो तो घराचीच कचेरी करण्याचा. हुकूम सोडण्याची सवय पेन्शनीबरोबर थोडीच सुटते? परंतु सूनबाईंचा कारभार सुरळीत चालला असतां त्यांत ढवळाढवळ करणें आम्हांस श्रेयस्कर वाटत नाहीं. घरांत आजोबांसाठीं एक खातें मोकळें असतें, आणि तें म्हणजे नातवंडांचें. मुलगा व सून दिवसभर कामांत गुंतलेलीं. वेळ आहे तो आम्हां म्हाताऱ्यांपाशींच.

पुण्यांतील आजोबांनीं मुलांस पर्वतीवर न्यावें. १०३ पायऱ्या मुलें धांवत चढतील; आपण मधून मधून विसावा घ्यावा. वरचें देवदेवेश्वराचें मंदिर नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं उभारलें आणि पानिपतच्या पराभवानंतर १७६१ सालीं याच टेकडीवर त्यांनीं देह ठेवला, हें तेथेंच उभें राहून सांगावें. पुस्तकांतला सन विसरणारीं मुलें ही जागा विसरत नाहींत.

स्वयंपाकघरांतही हेंच करावें. थालिपिठाच्या भाजणीचें प्रत्येक धान्य आजीबाई निरनिराळें भाजतात, कारण तांदूळ नीट भाजून होईतों जिरें करपून जाईल. केव्हां उतरवावें, हें त्या केवळ वासावरून ओळखतात. भाजणीचें प्रमाण कागदावर उतरून ठेवतां येतें. वासाची पारख मात्र शेजारीं उभें राहूनच शिकावी लागते. म्हणून पुढच्या खेपेस कालथा नातीच्या हातीं द्यावा, आणि नातवाच्याही!